दोन्हीकडची औषधं, एकच कागद

गोव्यातल्या साखळी गावाहून एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ६३ वर्षांची, नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. आठवड्यातून एकदा सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट, रोज थायरॉइडची गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गणेशचवथीला घरी आलेल्या मावशीने एका वैद्यांचं नाव सुचवलं आणि तेव्हापासून गुग्गुळाच्या गोळ्या, अश्वगंधा चूर्ण, गुळवेलीचा काढा आणि एक पांढरट पुडी सुरू आहे. दुखणं बरंच कमी झालंय. सांधेतज्ज्ञ म्हणतात, "माझं तरी घ्या, नाहीतर त्यांचं." वैद्य म्हणतात, "इंग्रजी औषध हळूहळू सोडा." मुलाला विचारायचंय, दोन्ही एकत्र चालतं का, आणि गोव्यात या दोघांना एकमेकांशी बोलायला लावायची काही सोय आहे का.

मी फोंड्यात २४ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतेय. गेली अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी एक वैद्य माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि काही रुग्ण आम्ही दोघं मिळून बघतो. त्या अनुभवातून सांगते.

सगळ्यात आधी ती पांढरट पुडी. बाकी सगळं सावकाश वाचा, पण हे आजच करा. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, असं असेल तर ते आयुर्वेदिक औषध आहे असं मानायला काही आधार नाही. कायद्याने आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावरही या गोष्टी लागतातच. सांधेदुखीवर दोनतीन दिवसांत जादू करणाऱ्या बेनाव पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. माझ्याकडे माशेलच्या बाजूची एक बाई यायची. जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या पुड्या, दिवसाला दोन. गुडघे झकास. चेहरा मात्र पुरणपोळीसारखा गोल झालेला, दंडावर कुठेही लागलेलं नसताना निळे डाग, आणि शुगर ३४० च्या वर. तिला वाटत होतं, वखद (औषध) मानवलं म्हणून अंग भरलंय.

तुमच्या आईने ही पुडी चवथीपासून रोज घेतली असेल तर ती घाबरून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. अचानक पुरवठा तुटला की उलट्या, गळून जाणं, बीपी उतरणं असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन या आठवड्यात फिजिशियनकडे जा. शुगर, बीपी, सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) बघून कमी कसं करायचं ते ते ठरवतील. एक पुडी जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर नमुना लागतो. माझे वैद्यमित्र अशी पुडी बघितली की माझ्यापेक्षा जास्त चिडतात, कारण गाळात शास्त्र त्यांचं जातं.

आता मूळ प्रश्न. एकत्र चालतं का? तुमच्या आईच्या पोटात ते चवथीपासून एकत्र आहेच. चालतं का हा प्रश्न मागे पडलाय. आत्ता प्रश्न एवढाच उरतो की ते कोणाच्या देखरेखीखाली चाललंय. माझ्या बघण्यात गोव्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात असंच आहे. डॉक्टरची गोळी, वैद्यांचं चूर्ण, शेजारणीने सांगितलेला पाला, वर होमिओपॅथीची साखरगोळी. सगळ्यांचा मेळ घालण्याचं काम मात्र पडतं घरातल्या त्या एका माणसावर ज्याला यातलं काहीच शिकवलेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तुमी रागार जातले म्हूण सांगूंक ना."

आणि आम्ही रागावतो हे खरं आहे. माझीच एक चूक सांगते. पन्नाशीतला एक गृहस्थ, जत्रांतल्या संगीत नाटकांत गाणारा. बीपी १७०/१०४. मी एक गोळी दिली, उतरेना. दुसरी दिली, लघवीवाटे मीठ काढणारी. बीपी जेमतेम हललं, पण रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढताना पाय लटपटायला लागले. पोटॅशियम तपासलं तर २.७, म्हणजे फारच कमी. मी मनातल्या मनात अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीपर्यंत पोचले होते, सीटी स्कॅनची चिठ्ठीही लिहून झाली होती. त्या दिवशी माझे हे वैद्यमित्र त्यांच्या आईला दाखवायला आले होते, तेव्हा आमची ओळखही धड नव्हती. बाहेरच्या बाकावर गायकाच्या शेजारी बसले होते. आत आल्यावर म्हणाले, "मॅडम, ते आत्ता गेले त्यांच्या गालात ज्येष्ठमध होतं. गाणारे आहेत का?"

तो माणूस दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळत होता, रात्री त्याचाच काढा. गळ्यासाठी. पाच महिने, नाटकांचा हंगाम सुरू झाल्यापासून. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम तिथे कॉर्टिसॉलला निकामी करत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचं, सोंग घेतं, मीठपाणी शरीरात साठतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. त्यावर माझी लघवीची गोळी, म्हणजे उरलंसुरलं पोटॅशियमही बाहेर. काडी बंद केल्यावर महिन्याभरात बीपी एका गोळीवर आलं. पाच महिन्यांत मी त्याला मीठ विचारलं, दारू विचारली, घोरणं विचारलं. गळ्यासाठी काय घेतोस, हे विचारलं नाही. ज्या बांबोळीच्या वैद्यकीय कॉलेजात मी शिकले त्याचं मूळ १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. इतक्या जुन्या परंपरेतही हा प्रश्न विचारायला मला कोणी शिकवलं नव्हतं. आमचा गुरुवार तिथून सुरू झाला.

तुमच्या आईच्या यादीकडे येते. यातली कुठली वस्तू कशाला अडते हे एकेक बघू.

मेथोट्रेक्सेट यकृतावर आणि रक्तपेशींवर ताण टाकू शकतं, म्हणून दर काही आठवड्यांनी एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्ताची मोजणी करतात. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवली. ज्यांना आधीपासून स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार होते किंवा होण्याकडे कल होता, त्यांच्यात ती जास्त दिसली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, चुकीची वनस्पती वापरली गेली असेल असा मुद्दा मांडला. वाद असो. तुमच्या आईचा आजार नेमका त्याच जातीचा, वर मेथोट्रेक्सेट. अश्वगंधेनेही क्वचित यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. उद्या एसजीपीटी वाढून १५० आलं तर दोष कोणाचा? सांधेतज्ज्ञ मेथोट्रेक्सेट बंद करतील, कारण त्यांच्या हातात तेवढंच आहे, आणि जे औषध तिच्या बोटांची हाडं वाचवत होतं तेच जाईल. गुळवेल आणि अश्वगंधा आता थांबवा असं मी म्हणते, वैद्यमित्रही तेच म्हणतात. ते तर म्हणाले, आमवातात अश्वगंधा पहिल्याच फेरीत का दिली असेल कळत नाही.

अश्वगंधेचं दुसरं लफडं थायरॉइडशी. ती थायरॉइडचं हार्मोन थोडं वर नेऊ शकते. बाहेरून गोळी चालू असताना हे घडलं तर छाती धडधडते, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात, बघा, सूज उतरली. शिवाय थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. सकाळी सहाला गोळी आणि तिच्यावर लगेच काढा, असं चालू असेल तर गोळी नीट शोषली जाईलच असं नाही. अर्धापाऊण तास सोडा. इसबगोल किंवा कॅल्शियम असेल तर चार तास.

ग्लिमेपिराइड ही शुगर खाली ढकलणारी गोळी. तिच्यावर कारल्याचा रस, मेथी, मामेजवा असं काही सुरू झालं आणि आई संध्याकाळी पेजेवरच भागवत असेल, तर पहाटे शुगर ५५ वर जाऊन दरदरून घाम फुटू शकतो. या वयात हे पडण्याचं कारण ठरतं. काढ्यात नेमकं काय आहे ते विचारा.

गुग्गुळाबद्दल मला सगळ्यात कमी काळजी वाटते. पोट बिघडणं, अंगावर पुरळ येणं एवढं लक्षात ठेवलं आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) दोन महिन्यांनी तपासलं तर चालवून बघता येतं. पण आधी बाकीचं थांबवून, रिपोर्ट करून, मग एकटं तेवढंच.

अरिष्टांचा विषय तुमच्या यादीत नाही, पण येईल. बाईमाणूस अशक्त दिसली की कोणीतरी दशमूलारिष्ट सुचवतंच. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो, पाच ते दहा टक्के, आणि गूळ असतो. चार चमच्यांत मात्रा फार नसते, पण मधुमेह आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही असलेल्या बाईला तो भार कशाला? दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तर तेवढी मात्राही पुरते. सत्तरी तालुक्यातल्या एका तरुणाला आम्ही असंच पाहिलं. चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. बायको देवाशपथ सांगत होती की फेणीला हात लावला नाही. नव्हताच लावला. आईने पोटासाठी कुटजारिष्ट दिलं होतं.

आता मेथोट्रेक्सेट सोडण्याचा सल्ला. यावर मी कडक आहे. आमवातात दुखणं थांबणं आणि हाड कुरतडलं जाणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रुग्णाला कळते, दुसरी एक्स-रेमध्ये दिसते आणि तोवर बोटं वाकडी झालेली असतात. मेथोट्रेक्सेट दुसरीसाठी आहे. वैद्यांच्या उपचाराने आराम वाटत असेल तर छानच. मात्रा कमी करायची का, हे सांधेतज्ज्ञांनी सूज मोजून, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघून ठरवायचं.

पण मग सांधेतज्ज्ञ "माझं नाहीतर त्यांचं" म्हणतात ते बरोबर का? नाही. असं म्हटलं की रुग्ण त्यांचं सोडत नाही, सांगणं सोडतो. आणि विरोधासाठी जो आधार आम्ही सांगतो, की "आयुर्वेदाला पुरावाच नाही", तो सरसकट खरा नाही. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याची, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने वेगवेगळ्या केंद्रांत शस्त्रक्रियेशी तुलना केली होती, १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. मी भगंदराचे रुग्ण गेली दहा वर्षं निर्धास्तपणे वैद्यांकडे पाठवते, आधी टीबी आणि आतड्यांचा क्रोन आजार नाही ना हे बघून. आमवातावरच कोइंबतूरला एक प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ४३ रुग्ण, ३६ आठवडे, तीन गट: मेथोट्रेक्सेट, शास्त्रोक्त आयुर्वेद, आणि दोन्ही. कोणी काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. तिन्ही गटांत आराम साधारण सारखा. आयुर्वेदवाल्यांनी याचा झेंडा केला, पण ४३ म्हणजे फारच थोडे. आणि एक गोष्ट दोन्ही बाजू सांगत नाहीत: दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना जास्त फायदा दिसला नव्हता.

मला सगळ्यात आवडतं ते कासरगोडचं काम. मंगळूर ओलांडलं की लागणारं गाव. तिथल्या त्वचारोग संस्थेने हत्तीपायावर आधुनिक त्वचाविज्ञान, आयुर्वेद, योग आणि दाबपट्टी यांची सांगड घातली. धुणं कसं, लेप कुठला, श्वासाचे व्यायाम केव्हा, पट्टी किती घट्ट, जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिक कुठलं, सगळं लिहून ठेवलेलं आणि पायाचा घेर मोजून तपासलेलं. यात कोणाचं शास्त्र मोठं हा प्रश्नच उद्भवत नाही, टेप लावली की उत्तर मिळतं.

पणजीत चर्चजवळच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी टेकतो तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज डॉक्टर गोव्यात राहिला आणि १५६३ साली इथल्या औषधांवरचं त्याचं संवादरूप पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. पटकीबद्दल (कॉलरा) लिहिताना त्याने आपलाच 'मोडशी' हा शब्द वापरलाय. इथले वैद्य मोडशीच्या रुग्णाला तांदळाची कांजी मिरी-जिरं घालून देतात आणि तळपायाला चटक्याचे डाग देतात, अशी नोंद त्याने केली. एकाच वैद्याचे दोन उपाय. जुलाबात तांदळाच्या पाण्याचा उपयोग आज सगळेच मान्य करतात, तांदळावर आधारलेलं ओआरएससुद्धा आहे. डाग देणं मात्र निव्वळ हाल. शास्त्राला पास-नापास न करता मी उपाय एकेक करून तपासते, ते अशा गोष्टी वाचून. आमच्या बाजूलाही डाग द्यायची खोड आहेच. मे २०२१ मध्ये आपल्या राज्यात कोविड टाळण्यासाठी प्रौढांना सरसकट आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणा झाली होती, जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत असताना.

होमिओपॅथीबद्दल विचाराल तर, गोळ्यांनी अपाय क्वचित होतो, वेळ मात्र जातो. त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

गुरुवारी आम्ही करतो काय? पहिलं, पिशवी. रुग्णाने घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायची, फ्रिजमधली बाटली आणि देव्हाऱ्याजवळची डबीसुद्धा. टेबलावर ओतायची. मग एक कागद. डावीकडे माझं, उजवीकडे त्यांचं, प्रत्येकासमोर ते कशासाठी आणि कधीपासून. निम्म्या वेळा याच टप्प्यावर चारपाच वस्तू आपोआप गळतात, कारण कशासाठी हे कोणालाच आठवत नाही. त्यानंतर प्रत्येक आजाराचा एक चालक ठरतो. मधुमेह माझा, आमवात सांधेतज्ज्ञांचा, बद्धकोष्ठ आणि झोप वैद्यांची. चालक नसलेल्याने सुचवायचं, बदलायचं नाही. एका वेळी एकच बदल, आणि पुढच्या बदलाआधी चार आठवडे. हे ऐकायला सोपं आहे, पण रुग्णाला कंटाळा येतो आणि आम्हालाही. तरी त्याशिवाय काय लागू पडलं आणि काय बाधलं, कळायला मार्ग नाही. यकृत, मूत्रपिंड, रक्ताची मोजणी सुरू करण्याआधी आणि नंतर. धातूंची भस्मं वैद्यमित्र जुनाट रुग्णांना देतच नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांत साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, ते वाचल्यावर त्यांनी स्वतःहून हे ठरवलं.

आमचं भांडणही होतं. मूळव्याधीचं रक्त म्हणून आलेल्या एका माणसाची कोलोनोस्कोपी करायला त्यांनीच माझ्या मागे लागून लावली, मी म्हणत होते थांबू. गाठ निघाली, लवकरची. उलट, पोटात वायू धरतो म्हणून वर्षभर माझ्याकडून अॅसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्या शिक्षिकेला त्यांनी जेवणाच्या वेळा आणि रात्रीचं दही एवढंच बदलून बरं केलं. मला तिच्याशी बोलायला सहा मिनिटं मिळायची, त्यांनी पाऊण तास दिला. हा वेळ हेच अर्धं औषध असतं, आणि आमच्या ओपीडीत ते मिळत नाही, हे मी कबूल करते.

काही ठिकाणी आम्ही वाट बघत बसत नाही. पावसात शेतात चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आणि डोळे पिवळे, म्हणजे घरातल्यांना कावीळ वाटते आणि भुईआवळा शोधायला माणूस जातो. लेप्टोस्पायरोसिस असेल तर दोनतीन दिवसांत मूत्रपिंड बसतं, वेळेवर दिलेलं अँटिबायोटिक त्याला वाचवतं. सत्तरीत काजूच्या हंगामात जंगलात जाऊन आलेल्याला जोराचा ताप आणि डोकेदुखी, तर माकडतापाची तपासणी. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, वैद्यांकडेही नाही, सरळ प्रतिविष असलेल्या इस्पितळात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, लहान वयातल्या मधुमेहाचं इन्सुलिन, टीबी, यांतही तडजोड नाही. आणि कर्करोग. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात, बरा होण्यासारखा कर्करोग असून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. त्याच संशोधकांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात नियमित उपचारांना जोड म्हणून पर्यायी उपचार घेणारे होते. त्यांच्यातही धोका दुप्पट. मी तो पुन्हापुन्हा वाचला. दोष जोडऔषधाचा दिसत नव्हता. त्या लोकांत शस्त्रक्रिया, किमो किंवा रेडिएशन नाकारणारे जास्त होते. वैद्यांनी "हळूहळू सोडा" म्हटलं की माझ्या डोक्यात हे येतं.

तुमच्या आईसाठी वैद्यांकडून काय घेता येईल, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं बंदच केलं. सुजलेल्या गरम सांध्यावर तेल चोळायचं नाही, हे आयुर्वेदाचंच सांगणं आहे. आमवातात कोरडा शेक सांगितलाय, वाळू गरम करून कापडाच्या पुरचुंडीत बांधून. सकाळी वीस मिनिटं, मग मूठ उघडबंद. वाळू आधी तुमच्या हाताच्या पाठीवर टेकवून बघा. मधुमेहाने आईच्या बोटांना चटका कळत नसेल तर फोड येईपर्यंत तिला पत्ता लागणार नाही. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, आंबट-आंबवलेलं काही दिवस कमी. सोलकढी तिला प्रिय असेल तर महिनाभर सोडून बघा, फरक वाटला नाही तर परत सुरू करा. गुडघ्या-कमरेसाठी सौम्य योग चालेल, मनगटावर भार येणारी आसनं नको.

गोव्यात सोय आहे का? एका खिडकीवर दोघं भेटतील अशी तयार सोय मी तुम्हाला दाखवू शकत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत आयुषचे डॉक्टर असतात, शेजारच्या खोलीत असतात, पण केसपेपर एका खोलीतून दुसरीत जाताना मी क्वचितच पाहिलाय. शिकलेले वैद्य मात्र हाताशी आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ आहे, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी जा, जिथे केसपेपर होतो, औषधाचं नाव लिहून मिळतं आणि तुम्ही आणलेले रक्ताचे रिपोर्ट वाचले जातात. "मधुमेह मुळापासून घालवतो" अशी पाटी असेल तिथे शिरू नका. तशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

सांधेतज्ज्ञांकडे जाताना कागद दोन प्रतींत न्या. परवानगी मागू नका, माहिती द्या. "डॉक्टर, आई हे हे घेत होती. यातलं हे थांबवलंय. गुग्गुळ चालू ठेवायचा विचार आहे, तुमची हरकत असेल तर कशामुळे ते सांगा." बहुतेक डॉक्टर कागद बघून निवळतात. आम्हाला राग येतो तो लपवल्याचा. वैद्यांनाही तीच प्रत द्या आणि त्यांना दोन ओळी लिहून मागा: काय दिलं, किती दिवस. लिहून द्यायला जे तयार नाहीत, मग ते कोणत्याही शास्त्राचे असोत, त्यांना बदला. डॉक्टर बदलला तरी गोळी आपल्या मनाने बंद होत नाही, एवढं सांभाळा.

आणि जाताजाता, आईचा मेथोट्रेक्सेटचा वार कुठला? तुम्हाला नक्की माहीत आहे का? ही गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि चुकून रोज घेतली गेली तर तोंडात छाले, रक्तपेशी कोसळणं, इस्पितळ. घरात चारपाच डब्या झाल्या की ही चूक होते. मी बघितलीय. त्या डबीवर मोठ्या अक्षरात वार लिहा, आणि ती चूर्णाच्या डब्यांपासून वेगळ्या फळीवर ठेवा.